ऐंशी नंबरची पूड

दगड चाटून बघावा लागतो.
कोरडे असले की सगळेच सारखे, धुळकट,
जीभ लागली की कळतं
आत कुणी राहतं का.
सासवडच्या खाली, कऱ्हेच्या कोरड्या पात्रात
उकिडवा बसून मी असा एकेक चाटत होतो
तेव्हा म्हशींमागचा एक पोरगा थांबला,
बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "बाबा, भूक लागलीय का?"
त्याने अर्धी भाकरी दिली. मी खाल्ली.
काय सांगणार.

वाघोलीच्या खाणीवर शांतव्वा ओळखते मला.
क्रशरचा पट्टा बंद पडला की
पायाच्या अंगठ्याने खडी चाळवते
आणि एखादी गारगोटी माझ्याकडे ढकलते:
हिरवट, खरबरीत, कोंब आलेल्या बटाट्यासारखी.
"ह्येचं काय करतुस रं मास्तर?"
मास्तर नाही मी. चिंचवडला बेअरिंगच्या कारखान्यात
एकतीस वर्षं ग्राइंडिंगला होतो.
"घासतो," म्हणतो.
"आन् मंग?"
"मग चकाकतो."
ती भुवईतल्या जुन्या खुणेवर बोट ठेवते,
जिथे एकदा कपची उडून बसली होती.
"ह्योबी चकाकतच आलावता."

गॅलरीत वॉशिंग मशीनची जुनी मोटर,
दोन रबरी रूळ, त्यांवर ड्रम.
पहिला आठवडा ऐंशी नंबरची पूड,
मग दोनशेवीस, मग पाचशे,
शेवटी सेरियम, नाचणीच्या पिठासारखं आणि केशराच्या भावाचं.
रात्रंदिवस खर्रर्र, खर्रर्र.
धनकवडीतल्या आमच्या सोसायटीत
खालच्या बर्गेबाईंनी लेखी तक्रार दिली.
मी ड्रमखाली गोधडी सारली.
आवाज थोडा जाड झाला, एवढंच.

तक्रारीचा कागद घेऊन आलेली त्यांची जुई मात्र
गॅलरीतच बसली.
सात वर्षांची. ड्रमला कान लावून म्हणाली,
"आत कुणीतरी गुळण्या करतंय."
पुढच्या भरणीला ती हजर होती.
दगड मोजून आत टाकायला तिला दिले.

आठवड्याने झाकण उघडलं.
चकाकी अजून तीन आठवडे लांब,
पण ओले होते, म्हणून दिसले:
जॅस्पर काव लावलेल्या ओट्यासारखा लाल,
अकिकात पापुद्र्यामागे पापुद्रा,
लाव्हाला आलेल्या एका बुडबुड्यात
थेंबाथेंबाने रचलेला कांदा.
पण गाळ पांढरा. दुधासारखा.
काळपट असतो तो.
दगड मोजले. सत्तावीस. बरोबर.
"अठ्ठावीस," जुई म्हणाली. "एक माझा होता.
शाळेमागे पाया खणतायत ना, तिथला.
पांढरा. पिसांचा."

स्टिल्बाइट असणार. साध्या खिळ्याने ओरखडतो तो.
या टणक मंडळींत
पहिल्या दोन रात्रींतच संपला असेल.
मी नळ सोडला, बंद केला, चष्मा पुसला.
"विरघळला," म्हणालो. ते खोटं होतं.
मग खरं सांगितलं:
"या सत्तावीस जणांनी त्याला खाल्लं."

तिने गाळात बोट घातलं. फिरवलं.
"म्हणजे त्यानेच यांना घासलं."
तसं नसतं. मऊ दगड कुणाला घासत नाही,
घासते ती पूड, आणि पूड कुठली घ्यायची
हे मी एकतीस वर्षं...
तोंड उघडलं होतं, मिटलं.

गाळ मी मोरीत ओतत नाही,
पाइपात सिमेंटसारखा बसतो.
रंगाच्या रिकाम्या डब्यात काढला,
तर तो डबाच उचलून ती निघाली,
दोन्ही हातांनी, पोटाशी धरून,
जिनाभर पांढरे ठिपके पाडत.
म्हणजे बर्गेबाई पुन्हा येणार.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये
पांढरे चौकोन आखलेले,
आणि जुई एका पायावर.
ठिकरी म्हणून माझा सगळ्यात चांगला अकीक
फरशीवरून सरपटत स्कूटरखाली जातो,
ती वाकून काढते, पुन्हा टाकते.
ओरखडे पडले तर फरशीलाच पडतील.

मी ड्रम धुतला, झाकण आवळलं.
दोनशेवीस नंबर. सव्वीस दगड.
मोटर चालू केली
आणि जरा कान लावून बघितला.